तंजावरची सुट्टी

सुट्टी कोठे घालवावी, हा प्रश्न आमच्या घरात पूर्वी कधी पडत नसे. दिवाळी म्हटली की बाजरी घरात आलेली असायची, रब्बीची ज्वारी रानात उभी असायची आणि सुट्टी ती राखण्यातच सरायची. फारच हौस झाली तर बैलगाडीने रांजणगावच्या गणपतीला. सणसवाडी त्या वेळी पुणे-नगर रस्त्यावरचे एक कोरडे खेडे होते. आता त्याच रानांवर कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत. आमचे चिरंजीव त्यांपैकी एका भिंतीच्या आत नोकरीला असतात आणि त्यांना वर्षातून दहा दिवस भरपगारी रजा मिळते. रजा आली की बेत आला, आणि बेत आला की वाद आला.

यंदा दसऱ्याच्या दिवशी जेवणे आटोपल्यावर हा वाद सुरू झाला. सूनबाईंच्या मनात बँकॉक होते. नातवाने सिंगापूरचे नाव घेतले. एकंदरीत उष्ण हवेतले, नारळीच्या झाडांचे, भाताच्या मुलखातले एखादे शहर असावे, तेथे जुनी देवळे व राजवाडे असावेत आणि खायला काही तरी निराळे मिळावे, एवढ्यावर सर्वांचे एकमत होते. मी म्हणालो, "मग तंजावरला जाऊ या."

एकदम शांतता पसरली. चिरंजीवांनी विचारले, "आप्पा, तिथं काय आहे?"

या प्रश्नाचे उत्तर देणे मला भागच होते, कारण ते मी चाळीस वर्षे देणे लागत होतो. मी शाळामास्तर. आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर वढू बुद्रुक आहे. तेथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. दर वर्षी मुलांची सहल घेऊन मी तेथे जात असे. ११ मार्च १६८९ चा तो प्रसंग सांगताना माझा आवाज दर वर्षी त्याच जागी अडखळत असे. एका वर्षी पाचवीतल्या एका पोराने विचारले, "गुरुजी, मग घरातल्या बाकीच्यांचं काय झालं?" मी राजाराम महाराज सांगितले, ताराबाई सांगितल्या, शाहू महाराज, सातारा, कोल्हापूर, सगळे सांगितले. भोसल्यांचे तिसरे घर मात्र माझ्या तोंडून निघालेच नाही. संध्याकाळी सायकल मारीत घरी येताना ते आठवले, आणि तेव्हापासून ते मनात सलत राहिले. पोरगा एव्हाना स्वतः बाप झाला असेल.

त्या रात्री मी घरच्या मंडळींना ते तिसरे घर सांगायला बसलो. वाचकांनाही तेच सांगतो, कारण बेत करताना मुक्कामाचा पत्ता ठाऊक असलेला बरा.

शहाजी राजांची पुण्याची जहागीर आपल्याला पाठ असते, त्यांची बंगळूरची जहागीर मात्र आपण विसरतो. त्यांचे धाकटे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी राजे, तिकडेच राहिले. तंजावरच्या नायकांच्या गादीचा तंटा मिटवायला विजापूरकरांनी त्यांना पाठविले आणि १६७५-७६ च्या सुमारास ते स्वतःच त्या गादीवर बसले. पुढे १६७७ त शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीत कोल्लिडम नदीकाठी आले आणि धाकट्या भावाला भेटीस बोलाविले. भेट झाली, मेजवान्या झाल्या आणि वडिलांच्या मिळकतीत निम्मा वाटा मागण्याचीही गोष्ट निघाली. त्यावर व्यंकोजी राजे एका रात्री गुपचूप नदी ओलांडून निघून गेले! भावाभावांतल्या वाटणीचे हे दुखणे छत्रपतींच्या घरालाही चुकले नाही, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींना फार बरे वाटले. आमच्या बांधाचा दावा अजून चालूच आहे. तिकडचा दावा मात्र मिटला. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांनी शहाणपणाने समेट घडवून आणला आणि थोरल्या दिरांनी बंगळूरकडचा मुलूख त्यांना चोळीबांगडीसाठी दिला.

येथून पुढे १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ, कावेरीच्या काठी मराठी दरबार भरत होता. मधल्या लढाया, खंडण्या आणि अर्काटच्या नबाबाचे तगादे मी सोडून देतो. मुलांनाही ते कंटाळवाणे झाले होते. पण व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांच्यापाशी थोडे थांबावे लागते. मराठी नाटकाचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांपासून मानतो. या शहाजी राजांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक त्याच्या दीडशे वर्षे आधीचे, १६९० च्या सुमाराचे आहे. ज्या वर्षांत इकडे रायगड पडला आणि आमच्या वढूच्या मातीत ते घडले, त्याच वर्षांत तिकडे चुलतभाऊ मराठीत नाटक लिहीत होता.

हे वाक्य मी सहज बोलून गेलो आणि चिरंजीव उसळले. "म्हणजे इकडं घर जळत होतं आणि ते नाटकं लिहीत होते! जे लढले नाहीत त्यांचं गाव बघायला कशाला जायचं?"

त्याचा राग मला समजतो. आम्ही ज्या मातीत वाढलो तेथे इतिहास म्हणजे तलवार. एका बाजूला वढू-तुळापूर, दुसऱ्या बाजूला कोरेगाव भीमा. तेथे १ जानेवारी १८१८ ला कंपनीची आणि पेशव्यांची लढाई झाली आणि पाच महिन्यांत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांपुढे हात टेकले. चिरंजीवांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मी स्वतःच त्यांच्या हाती दिला. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी १७९९ च्या तहाने सगळा राज्यकारभार इंग्रजांना देऊन टाकला. किल्ला आणि त्याच्या आसपासचे थोडे तेवढे स्वतःकडे ठेवले. एवढेच नव्हे, तर नेपोलियनचा पराभव झाला म्हणून १८१४-१५ च्या सुमारास समुद्रकाठी 'मनोरा' नावाचा आठ मजली बुरूज बांधला, आणि आपण इंग्रजांचे स्नेही आहोत असे अनेक भाषांत कोरून ठेवले. त्यांत मराठीही आहे. तो लेख वाचताना मान खाली जाईल, हे मी कबूल केले.

पण मग त्या माणसाने उरलेल्या तेहतीस वर्षांचे केले काय? पेन्शनीत बसलेल्या राजांचे आयुष्य कसे जाते ते आपण ब्रह्मावर्ती पाहिले आहे. सरफोजींनी किल्ल्यात ग्रंथालय भरायला घेतले. नायकांच्या वेळचा पोथ्यांचा संग्रह होताच. त्यांनी त्यात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू पोथ्या घातल्या आणि युरोपातून हजारो छापील पुस्तके आणविली. त्यांतल्या पुस्तकांवर त्यांच्या हातची इंग्रजी सही अजून दिसते. 'धन्वंतरी महाल' काढून वैद्यकाचे प्रयोग मांडले. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे चित्रांसह करून ठेवली. नव्या विद्यांची शाळा काढली, देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि १८०६ साली त्यातून इसापाच्या गोष्टी मराठीत छापून काढल्या. त्या पुस्तकाचे नाव 'बालबोध मुक्तावली'. पुण्यात त्या वेळी मुलांच्या हाती छापील पुस्तक ही वस्तूच नव्हती.

आणि सहलीला निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी गंमत म्हणजे, याच राजाने 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे एक मराठी नाटक रचले. त्यात हात पाहून भविष्य सांगणारी एक फिरस्ती बाई येते आणि नशिबाऐवजी साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगते. भूगोल शिकविण्याची इतकी चांगली युक्ती मला नोकरीच्या छत्तीस वर्षांत सुचली नाही.

प्रवास या विषयात तर तंजावरकर आपले गुरूच शोभतील. रामेश्वरच्या वाटेवर त्यांची छत्रे होती. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. तेथे सर्व जातींच्या वाटसरूंना शिजवलेले अन्न मिळे, कोणी आजारी पडला तर वैद्य मिळे, आईबाप नसलेली मुले तेथेच वाढत. सरफोजी राजे स्वतः १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले ते सुमारे तीन हजार माणसे बरोबर घेऊन, आणि दोनएक वर्षांनी परतले. वाटेत पोथ्या गोळा केल्या, काशीच्या घाटांची चित्रे काढवून घेतली. आम्ही पाच माणसे दहा दिवसांसाठी निघणार, तर घरात महिनाभर गोंधळ!

चिरंजीव गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "पण आप्पा, राज्य तर गेलंच ना?"

गेले. १८५५ च्या ऑक्टोबरात सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे पुत्र नसताना वारले आणि कंपनीच्या राजवटीने राज्याबरोबर वाड्यातली खाजगी दौलतही जप्त केली. राणी कामाक्षीबाईंनी त्यावर खटला भरला. मद्रासच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. राज्य घेणे हे राजसत्तेचे कृत्य, त्यात कोर्टाला बोलता येत नाही, असे तिथे ठरले. कायद्याच्या पुस्तकांत कामाक्षीबाईंचे नाव त्या निकालामुळे राहिले आहे. साताऱ्याची गादी सात वर्षे आधी अशीच गेली होती. म्हणजे लढलेल्यांचे गेले आणि न लढलेल्यांचेही गेले. मात्र १९१८ साली सरफोजींचे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले आणि आज 'सरस्वती महाल' या नावाने ते उभे आहे. त्यात नुसत्या मराठी पोथ्याच तीन हजारांच्या घरात आहेत, आणि मोडी कागदांची दप्तरे निराळी.

एवढ्यावर वाद पूर्ण मिटला असे नाही, पण सूनबाईंनी वही काढली. स्त्रियांच्या हाती वही आली की बेत पक्का झाला, असा माझा अनुभव आहे.

पहिला प्रश्न हवेचा. आमच्या खोलीत एक तरुण भाडेकरू राहतो. तो कुंभकोणमकडचा आणि कारखान्यात यंत्रावर आहे. त्याला विचारले तर त्याने हात जोडले. "सर, दिवाळीत नको. आमचा पाऊस तेव्हाच." खरेच आहे. आपला पाऊस परत फिरला की त्यांचा ईशान्येकडून सुरू होतो, तो मध्य ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. आमच्या शिरूर तालुक्यात ढगाची वाट पाहून डोळे शिणतात, आणि तिकडे ऐन सणात छत्री सुटत नाही. एप्रिल-मे म्हणजे भट्टी. तेव्हा जानेवारी ठरला, संक्रांतीनंतरचा. तिकडे तोच पोंगल, नव्या भाताचा सण. एक जानेवारीला जयस्तंभापाशी लाखोंचा समुदाय येतो आणि आमचा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा लागतो, म्हणून ते दिवस टळलेले बरे.

दुसरा प्रश्न वाटेचा. रस्त्याने तंजावर सव्वाबाराशे किलोमीटर तरी पडेल. नातवाला चेन्नईवरून रेल्वे हवी होती. मी बंगळूरचा हट्ट धरला. शहाजी राजांच्या जहागिरीवरून जावे, तेथे एक रात्र राहावे, मग तिरुचिरापल्ली आणि तेथून छप्पन्न किलोमीटर. वाटेत करिकाल चोळाच्या नावाने ओळखले जाणारे कावेरीवरचे जुने धरण लागते. पाण्यासाठी भांडणाऱ्या तालुक्यातल्या माणसाने ते पाहिलेच पाहिजे.

तंजावरात तीन दिवस. पहिला दिवस बृहदीश्वराचा. राजराज चोळाचे ते देऊळ १०१० साली पुरे झाले. शिखर दोनशे फुटांच्या वर. पण मला तेथे पाहायची आहे ती आवारातली एक भिंत. सरफोजींच्या आज्ञेने १८०३ साली त्या भिंतीवर भोसले घराण्याचा सारा इतिहास देवनागरी अक्षरांत, मराठीत कोरला आहे. साल पुन्हा एकदा पाहा. त्याच्या आदल्या वर्षीच्या शेवटच्या दिवशी बाजीरावाने वसईला तह करून पेशवाई गहाण टाकली होती. इकडे राज्य कागदावर जात होते आणि तिकडे वंशाची कथा दगडावर चढत होती. त्या कथेत मालोजी आहेत, शहाजी आहेत, शिवाजी महाराज आहेत. परमुलखात, चोळांच्या देवळात, उन्हापावसात उभे असलेले ते मराठी माझ्या नातवाने बोट ठेवून वाचावे, एवढीच माझी इच्छा आहे. इंग्रजी शाळेत जाणारा हा मुलगा मराठी वाचताना जोडाक्षरापाशी अडतो. दोनशे वर्षांपूर्वीचे मराठी तर मलाही अडविणार आहे. आम्ही दोघे मिळून अडू.

दुसरा दिवस वाड्याचा व सरस्वती महालाचा. तिसरा बाजाराचा. मान डोलावणारी बाहुली सूनबाईंसाठी, सोनेरी वर्खाचे चित्र आमच्या देवघरासाठी. संध्याकाळी जमल्यास एखादी हरिकथा. तिकडच्या कथेकऱ्यांनी आपल्या कीर्तनातली साकी आणि दिंडी उचलली, ती तमिळ शब्दांत कशी वाटते ते ऐकायचे आहे.

राहता राहिला जेवणाचा प्रश्न. आमच्या भाडेकरूने सांबाराची गोष्ट सांगितली. तिकडे ती घरोघर सांगतात म्हणे. संभाजी महाराज तंजावरला पाहुणे आले, मुदपाकखान्यात आमसूल संपलेले, म्हणून आमटीत चिंच घातली, ती पाहुण्यांना आवडली आणि तिला त्यांचेच नाव पडले. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे, हे मी मास्तरकीच्या सवयीने लगेच सांगितले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अहो, असू दे ना. आपण वढूला गेलो की नेहमी त्यांच्या मरणाचंच ऐकतो. तिथं कुणी तरी त्यांना जेवायला वाढलं, एवढं तरी आहे."

मी पुढे काही बोललो नाही. सूनबाईंच्या यादीत छत्र्या, औषधे, नातवासाठी मोडीचा तक्ता असे बरेच काही आहे. यादीच्या तळाशी सौभाग्यवतींच्या अक्षरात आणखी एक ओळ आली आहे: आमसुले, पाव किलो.