जुनी पेटी, नवी पेटी आणि बडोद्याची मराठी घरं

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातल्या आपल्या घरांमधल्या पेट्यांबद्दल आज लिहितो. माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे सुरांपेक्षा हिशोब जास्त कळतो. तेव्हा हिशोबाच्याच बाजूने सांगतो.

बडोद्यात संगीत दरबारातून घरात आलं ते सयाजीराव महाराजांमुळे. १८८६ साली त्यांनी मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली. भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली भरली, तीही इथेच. शिकणारी मुलं वाढली तसं वाद्यांना गिऱ्हाईक मिळालं. भजन, गणेशोत्सव, नाट्यपदं, सगळीकडे पेटी हवीच. १९४० ते १९७१ या काळात ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी होती, पण घरातली पेटी काही हलली नाही.

आता पेटीचा गुण पाहा. तबल्याची पुडी झिजते, तानपुऱ्याची तार तुटते. पेटीचा भाता फाटतो, पण तो बदलता येतो. सागवानी खोकं आणि पितळी सूर मात्र नीट ठेवले तर पन्नास-साठ वर्षं सहज टिकतात. त्यात जुन्या पेट्यांत जर्मन किंवा पॅरिसचे सूर असायचे. पुढे युद्ध आणि आयातीवरची बंधनं यामुळे ते यायचे आटले आणि आपल्या सौराष्ट्रातल्या पालिताण्याचे सूर सगळीकडे बसू लागले. तेही चांगले, पण जाणकार गिऱ्हाईक जुनी जर्मन सुरांचीच पेटी मागायचं. म्हणजे दुकानदाराने नव्या पेट्या मांडून ठेवल्या, तरी त्यांची स्पर्धा असायची त्याच्याच वडिलांनी विकलेल्या पेट्यांशी!

माझ्या शाखेत एका वाद्यांच्या दुकानाचं कॅश क्रेडिट खातं होतं. स्टॉक तपासायला जायचो तेव्हा पुढे नव्या पेट्या आणि मागच्या खोलीत जुन्या रचलेल्या. जुन्या मालाला खरेदीचं बिल नसायचं, म्हणून ड्रॉइंग पॉवर काढताना आम्ही तो धरत नसू. मालक हसून म्हणायचे, "साहेब, जूनुं एटलुं सोनुं. तुमचा कागद ज्याला शून्य म्हणतो, त्यावरच माझी चूल पेटते."

त्यांचं खरं होतं. जुन्या पेटीमुळे नवीचं एक गिऱ्हाईक जायचं हे उघड आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. ज्या पोराला नवी परवडत नसे ते जुनीवर शिकायचं, आणि हात बसला की तीच पेटी परत देऊन वर पैसे घालून नवी स्केलचेंजर न्यायचं. 'नाही जमलं तर विकता येईल' या भरवशावर बापही नवी घ्यायला तयार व्हायचा. शिवाय भाता, ट्यूनिंग, पॉलिश यांचं काम दुकानालाच मिळायचं. शिकणारे जोवर येत होते, तोवर जुनी आणि नवी एकमेकींना धरून होत्या.

बिघडलं ते पुढे. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, अमेरिकेला गेली. जुनी घरं पाडून फ्लॅट झाले. घर आवरताना पेटी आधी निघायची. मागच्या खोलीत माल वाढत गेला, घेणारा मात्र कमी. हौशी मुलाला कीबोर्ड हवा, सुरासाठी मोबाइलवर तानपुरा. जुनीचा भाव इतका पडला की नवी घेण्यात अर्थ उरला नाही, आणि शेवटी मालकांनी जुनी घेणंही बंद केलं. लोक म्हणतात जुन्या मालाने दुकानं बसली. मला तसं वाटत नाही. मागच्या खोलीतली प्रत्येक पेटी म्हणजे गाणं थांबलेलं एक घर होतं, आणि दुकान बसलं ते त्यामुळे.

म्हणून एक विनंती. माळ्यावर पेटी असेल तर भंगारात देऊ नका. आधी जाणत्या कारागिराकडून सूर तपासून घ्या, कदाचित नुसता भाताच गेला असेल. दुरुस्त करून शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा भजनी मंडळाला द्या. दुकानात तिला आज फारशी किंमत येणार नाही, पण तिच्यावर शिकलेलं पोर उद्या नवी पेटी घ्यायला दुकानाची पायरी नक्की चढेल.

तुमच्या घरच्या पेटीचं पुढे काय झालं? खाली जरूर लिहा.