अर्थशास्त्रातील ग्रंथपरीक्षण : काही जुने धडे

ग्रंथपरीक्षण हे ग्रंथलेखनापेक्षा हलके काम आहे, असा समज आपल्या सुशिक्षित समाजात फार दिवसांपासून रूढ आहे. महाविद्यालयांतून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस एखाद्या ग्रंथाचे चिकित्सक परीक्षण लिहावयास सांगतात, तेव्हा ह्या समजाचे फळ दृष्टीस पडते. प्रकरणांचा गोषवारा एकामागून एक द्यावयाचा, ग्रंथकर्त्याच्या विद्वत्तेपुढे मान तुकवावयाची, आणि शेवटी मुद्रणदोषांविषयी दोन ओळी लिहून मोकळे व्हावयाचे, असा पुष्कळांचा परिपाठ असतो. ग्रंथकर्ता जितका मोठा, तितकी परीक्षकाची लेखणी भित्री. परंतु अर्थशास्त्राचा इतिहास पाहता असे दिसते की, ह्या शास्त्रातील काही विचारांची वाढ परीक्षणांच्या पानांवरच झाली आहे. त्यांतील दोनतीन प्रसंग वाचकांपुढे मांडावेत असा आमचा विचार आहे.

पहिला प्रसंग मुंबईचा आहे. पहिले महायुद्ध चालू असता, १९१६ साली, बर्ट्रांड रसेल ह्यांनी लंडनमध्ये काही व्याख्याने दिली व ती त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. समाजाची पुनर्रचना हा त्यांचा विषय. मनुष्याच्या प्रेरणा दोन प्रकारच्या, संग्राहक व सर्जक. राज्यसंस्था, युद्ध व संपत्ती ही पहिलीची रूपे होत. समाजरचना अशी असावी की दुसरीस वाव मिळेल, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. युद्धविरोधी लिखाणाबद्दल रसेल ह्यांस त्याच वर्षी दंड झाला व केंब्रिज येथील अध्यापकाच्या जागेसही ते मुकले. साहजिकच विचारी तरुणांच्या मनात त्यांच्याविषयी पूज्यभाव होता.

ह्या ग्रंथाचे परीक्षण १९१८ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’ ह्या नियतकालिकात आले. परीक्षक होते भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या वयाची अठ्ठावीस वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती. कोलंबिया विद्यापीठातील अध्ययन आटोपून ते लंडनला गेले होते. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तेथील शिक्षण अपुरे टाकून त्यांस १९१७ साली परतावे लागले होते. त्याच १९१८ सालच्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. एका बाजूस जगन्मान्य तत्त्ववेत्ता व दुसऱ्या बाजूस अद्याप नावारूपास न आलेला तरुण, अशी ही जोडी होती.

हे परीक्षण आज वाचले तरी दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली ही की, परीक्षकास आपला वाचक कोण ह्याचे पुरते भान आहे. रसेल युद्धाच्या विरुद्ध आहेत एवढे ऐकून हिंदी वाचक त्यांस निवृत्तिमार्गाचा पाठीराखा समजेल, ही भीती त्यांस वाटली. म्हणून त्यांनी प्रथम हेच स्पष्ट केले की, रसेल ह्यांस युद्ध नको असले तरी निष्क्रियताही नको आहे. कृतीवाचून वाढ नाही. शक्तीचा विधायक उपयोग आणि तिचा विध्वंसक वापर ह्यांत त्यांनी भेद केला, आणि त्यासाठी कोलंबियातील आपले गुरू जॉन ड्यूई ह्यांच्या विचाराचा आधार घेतला. ग्रंथ कोठे लिहिला गेला आणि कोठे वाचला जात आहे, ह्या दोन्ही ठिकाणांचा विचार करणे हे परीक्षकाचे कर्तव्य होय. केवळ गोषवारा देणाऱ्यास ते साधत नाही.

दुसरी गोष्ट मतभेदाची. धनलोभ मनुष्याच्या वाढीस घातक आहे, हा नीतिवेत्त्यांचा जुना आरोप रसेल ह्यांनी पुन्हा केला होता. आंबेडकरांनी तो मुकाट्याने मान्य केला नाही. पैसा हा बहुधा कशासाठी तरी हवा असतो. ते ‘कशासाठी’ जसे असेल तशी त्या इच्छेची योग्यता ठरते, म्हणून सर्व धनेच्छेस एकच नाव ठेवणे अशास्त्रीय होय, असे त्यांचे म्हणणे. दारिद्र्याची थोरवी गाणारी नीती ही मुळात उत्पादन तोकडे असलेल्या प्राचीन जगाची नीती आहे, हेही त्यांनी दाखविले. जे मिळणे शक्यच नव्हते त्याचा त्याग हाच त्या काळी धर्म ठरला. आणि शेवटी त्यांनी मर्मावर बोट ठेवले: दोष संपत्तीत नसून तिच्या विषम वाटणीत आहे, ज्यांच्यापाशी ती नाही त्यांची धडपड तर अधिकच विध्वंसक होण्याचा संभव असतो. ज्याने दारिद्र्य आणि अप्रतिष्ठा ही दोन्ही जवळून पाहिली होती, त्याच्या लेखणीतून हा आक्षेप आला ह्यात नवल नाही. परंतु तो वैयक्तिक दुःखाच्या भाषेत आला नाही, शास्त्राच्या भाषेत आला. त्याचे बळ ह्यातच आहे.

दुसरा प्रसंग इंग्लंडचा. १९३० साली जॉन मेनार्ड केन्स ह्यांचा पैशाविषयीचा दोन खंडांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या फ्रीड्रिख हायेक ह्या तरुण अर्थशास्त्रज्ञाने १९३१ च्या ऑगस्टात ‘इकॉनॉमिका’मध्ये त्याचे कठोर परीक्षण केले. ग्रंथास भांडवलाच्या उपपत्तीचा पाया नाही, हा त्यातील मुख्य आक्षेप. केन्स ह्यांनी नोव्हेंबरात उत्तर दिले; पण त्यात आपल्या ग्रंथाचे समर्थन करता करता ते हायेक ह्यांच्याच नव्या ग्रंथावर घसरले. पुढे ‘इकॉनॉमिक जर्नल’च्या मार्च १९३२ च्या अंकात पिएरो स्राफा ह्यांनी हायेक ह्यांच्या त्या ग्रंथाचे परीक्षण केले. ह्या नियतकालिकाचे संपादक खुद्द केन्सच होते.

ह्या वादात कडवटपणा होता ह्यात शंका नाही, आणि त्याचे अनुकरण करावे असे आम्ही सांगणार नाही. तथापि त्यातून निघालेले सार पाहण्यासारखे आहे. हायेक व्याजाचा एकच ‘नैसर्गिक’ दर गृहीत धरीत होते. स्राफा ह्यांनी विचारले की, जेथे पैसाच नाही अशा व्यवहारात गव्हाचा व्याजदर वेगळा आणि कापसाचा वेगळा का असू नये? जितक्या वस्तू तितके दर संभवतात. मग ‘नैसर्गिक’ म्हणावयाचे कोणास? पुढे १९३६ साली केन्स ह्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ आला, त्याच्या सतराव्या प्रकरणात हीच कल्पना, स्राफा ह्यांचे ऋण मान्य करून, कामास लावलेली आहे. परीक्षणात विचारलेला एक प्रश्न चार वर्षांत सिद्धान्ताचा भाग झाला. केन्स ह्यांनी आपल्या आधीच्या प्रबंधाची मांडणीही मागे टाकली, ती केंब्रिजमधील तरुण सहकाऱ्यांच्या टीकेमुळे. म्हणजे परीक्षणाचे काम छापील पानापुरतेच राहिले नाही.

तिसरा प्रसंग छोटा, पण आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. केन्स ह्यांनी १९१३ साली हिंदी चलनावर ग्रंथ लिहून सुवर्णविनिमय पद्धतीचा पुरस्कार केला होता. आंबेडकरांनी लंडन येथे १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाविषयीच्या आपल्या प्रबंधात त्या मताचे खंडन केले. रुपये पाडण्याचे काम सरकारच्या मर्जीवर राहिले म्हणजे रुपयाची किंमत स्थिर राहणे कठीण, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या ग्रंथास प्रस्तावना लिहिली त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन ह्यांनी. त्यांनी तीत आपणांस शिष्याची पुष्कळशी मते मान्य नाहीत असे उघड सांगितले, आणि तरीही त्याच्या विवेचनातील ताजेपणाची व नेमक्या घावांची प्रशंसा केली. शिष्याने मोठ्या नावास न भिता मत मांडावे, आणि गुरूने ते न पटताही त्याचे स्वागत करावे, ह्यापेक्षा चांगले उदाहरण आमच्या महाविद्यालयांपुढे कोणते ठेवावे?

ह्या तीन प्रसंगांतून विद्यार्थ्याने काय घ्यावे? प्रथम, ग्रंथकर्ता कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहे ते निश्चित करावे. प्रश्न न समजता उत्तरावर टीका करणे हा अन्याय होय. नंतर, त्याची गृहीते कोणती ते शोधावे, कारण अर्थशास्त्रातील चुका बहुधा अनुमानात नसून गृहीतांत दडलेल्या असतात. पुराव्याची छाननी करावी. आकडे आहेत एवढ्याने समाधान मानू नये, ते दाव्यास पुरे पडतात की काय हे पाहावे. आणि अखेरीस आपले मत कारणांसह, संयमाने, पण निश्चित शब्दांत सांगावे. ‘ग्रंथ संग्राह्य आहे’ हे वाक्य कोणत्याही ग्रंथास लागू पडते, म्हणूनच ते कोणत्याच ग्रंथाविषयी काही सांगत नाही.

अर्थशास्त्र हे अखेर लोकांच्या पोटापाण्याचे शास्त्र आहे. चलनाविषयीचे चुकीचे मत ग्रंथातच राहिले तर चिंता नाही. पण ते राज्यकर्त्यांच्या धोरणात उतरले म्हणजे त्याची किंमत शेतकऱ्यास आणि मजुरास मोजावी लागते. असे मत ग्रंथात असतानाच तपासून घेण्याची जी जागा, तिचे नाव परीक्षण. ती जागा स्तुतिपाठकांच्या हाती गेली तर तोटा केवळ वाङ्मयाचा होत नाही. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मोठ्या ग्रंथकर्त्यास अदबीने, पण ठामपणे, ‘हे पटत नाही, कारण असे’ म्हणावयास शिकणे, हे अर्थशास्त्राच्या शिक्षणातील एक अत्यावश्यक अंग आहे, असे आम्हांस वाटते.