खाटकाचा काटा

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने सुमारे दीड किलोमीटर खोल कोरलेली ग्रँड कॅन्यन ही घळई आहे. तिच्या रुक्ष उतारांवर, विरळ काटेरी झुडपांत, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला एक करडा पक्षी आढळतो. त्याच्या लॅटिन कुलनामाचा अर्थ ‘खाटीक’. आपल्या माळावरच्या बाभळीवर बसणाऱ्या त्याच्या भाऊबंदांनाही आपण खाटीकच म्हणतो.

नाव बदनामीचे खरे. पण त्यामागे गरज आहे. चोच आकडीदार असली, तरी पाय गाणाऱ्या पाखराचे. त्यांत ससाण्याची पकड नाही. म्हणून टोळ, सरडा, उंदीर तो काट्यात खोचतो आणि मग फाडून खातो. काटा हे त्याचे हत्यार होय.

१९१६ साली अमेरिकेने ब्रिटनशी कॅनडासंबंधी केलेल्या पक्षिकरारात कीटकभक्षक म्हणून खाटकांची नोंद झाली. १९१८ साली कायदा झाला, १९१९ साली ही घळई राष्ट्रीय उद्यान ठरली. तरीही १९६६ पासूनच्या गणनांनुसार त्या खंडात हा पक्षी जवळजवळ तीन-चतुर्थांशाने घटला. मोकळी कुरणे नांगराखाली गेली, बांधावरची झुडपे तुटली, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते.

उद्यानात काटा शाबूत आहे. पण खाटकाचा संसार उद्यानाच्या हद्दीत मावत नाही. आम्ही कामगारांत वावरलेली माणसे. हत्यार हिरावले गेल्यावर उरणारे संरक्षण कागदावरचेच, हे आम्ही जाणतो. काट्याला ‘पडीक रान’ म्हणण्यापूर्वी, त्यावर कोणाचे पोट चालते, हे आपण विचारले पाहिजे.