सुतावरची जकात

संत मत्तय जकातनाक्यावर बसलेला असताना प्रभूने त्याला हाक मारली, हे आपण सारे जाणतो. त्या नाक्यावर जकात भरून पुढे गेलेल्या माणसांविषयी मात्र शुभवर्तमान मौन पाळते. जकातीचा इतिहास लिहिणाऱ्यांचेही बहुधा तसेच होते.

भंडारा जिल्ह्यातील आसगाव हे पवनी तालुक्यातल्या चौरास भागातले गाव. मुलूख भाताचा, परंतु पवनीच्या कोष्ट्यांनी विणलेल्या रेशीमकाठी वस्त्रांचा लौकिक मोठा होता. येथून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही मुंबई बंदरातला जकातीचा दर या मागांपर्यंत पोहोचत असे, कारण मागावर चढणारे सूत गिरणीचे असे, आणि बारीक सूत तर बव्हंशी विलायती.

डिसेंबर १८९४ मध्ये सरकारने आयात कापड व सूत यांवर शेकडा ५ जकात बसवली. लँकेशायरच्या समाधानासाठी देशी गिरण्यांच्या २० नंबरावरील सुतावरही तेवढीच अबकारी लादली. तरी लँकेशायरची कुरकुर थांबेना. १८९६ मध्ये सूत, विलायती असो की देशी, करमुक्त झाले. आयात कापडावर शेकडा ३.५ जकात आणि देशी गिरणीच्या कापडावर तेवढीच अबकारी आली. या अबकारीविरुद्ध देशभर संताप उसळला, तो रास्तच होता. हातमाग मात्र तिच्यातून मोकळा होता. परक्यांची मर्जी राखणाऱ्या कायद्याने आमच्या विणकराला नकळत उसंत दिली, असे आम्हांस वाटते.

१९२६ मध्ये अबकारी रद्द झाली. त्याआधीच, १९२२ पासून, आयात सुतावर पुन्हा शेकडा ५ जकात आली होती. १९२७ मध्ये जपानी सुताला आळा घालण्यासाठी ती शेकडा ५ किंवा पौंडामागे दीड आणा, यांपैकी जी अधिक असेल ती, अशी ठरली. मेख येथेच होती. रुपया पौंडाच्या सुतावर दीड आणा म्हणजे शेकडा ९ च्या वर! सूत जितके स्वस्त, तितका भार अधिक. संरक्षण गिरणीला मिळाले, किंमत मागाने मोजली.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ परिपत्रात मालक व मजूर यांच्या न्यायाचा प्रश्न मांडला होता. घरच्या मागावर बसणारा कोष्टी धड मालक नव्हता, धड मजूरही नव्हता. जकातीच्या वादात त्याची बाजू कोण मांडणार?

१९५३ मध्ये संसदेने गिरणीच्या कापडावर वारामागे ३ पै जादा अबकारी बसवली, ती खादी आणि हातमाग यांच्या विकासासाठी.