उसाखाली गेलेला हंगाम

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असे हरवले. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल तिथून मोजतात. तो सामना आजच्या सॉकरच्याच जवळचा होता, ही गोष्ट वेगळी. हंगाम मात्र तेव्हापासून शरदातलाच.

उजनीकाठी खेळाचा हंगाम ज्वारी ठरवत असे. माढा, करमाळा हा रब्बीचा मुलूख. मालदांडी खळ्यावरून घरात आली की चैत्राच्या जत्रा, जत्रेत कुस्तीचा फड आणि मोकळ्या रानात हुतूतू. १९८० मध्ये भीमेवरचे धरण पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी! काठावर मोटारी बसल्या, ऊस आला. आडसाली ऊस दीड-दीड वर्ष रान सोडत नाही. दिवाळीनंतर तोड, मग खोडवा. वीज रात्री आली की पोरे दाऱ्यावर. पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण धरणात बुडालेल्यांच्या यादीत हा मोकळा चैत्रही धरावा, असे मला वाटते.

दुष्काळी उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्या खाली जाते. पलीकडच्या काठाला पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. धरणाच्या पोटात ऐसपैस, सपाट जमीन दिसू लागते. तिच्यावर गाळपेराचे नांगर फिरतात.