वार्धक्यातील बलवर्धक व्यायाम

वार्धक्यातील बलवर्धक व्यायाम : साठीच्या पुढच्या माणसांनी स्नायूंची ताकद टिकवण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी वजने, रबरी पट्टे, यंत्रे अथवा स्वतःच्याच शरीराचा भार वापरून करायचा व्यायाम. पेलेल तसा भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे हे त्याचे मुख्य लक्षण होय. त्यामुळे रोजचे फिरणे, प्राणायाम किंवा हातपाय मोकळे करण्याचे हलके प्रकार उपकारक असले तरी ते यात मोडत नाहीत. ‘मी रोज पाच किलोमीटर चालतो, मला आणखी व्यायाम कशाला?’ हे वाक्य सकाळी कोणत्याही बागेत ऐकू येते. चालण्याने हृदयाचे आणि दमाचे भले होते. पण हात न टेकता खुर्चीतून उठायला मांडीत जो जोर लागतो, तो सपाट रस्त्यावर चालून फारसा वाढत नाही.

तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहूनही लवकर ओसरते. स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशी कमी होत जातात, आणि झटकन आकुंचन पावणारे तंतू सर्वांत आधी बारीक होतात. ठेच लागली की पुढचा पाय चटकन टाकून तोल सावरायचा तो याच तंतूंच्या बळावर. म्हातारा माणूस पाय घसरून पडला असे आपण म्हणतो. पाय तरुणाचाही घसरतो. तो सावरतो, एवढाच फरक. या ऱ्हासाला अमेरिकन डॉक्टर आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘मांसाची उणीव’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार मुठीची पकड पुरुषांत २८ किलो आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी भरणे, किंवा खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद वा अधिक लागणे, ही धोक्याची खूण समजली जाते.

हा सगळा ऱ्हास वयाच्या माथी मारता येत नाही. त्यातला बराचसा बसून राहिल्याचा असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणाला खिळवून ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार गेला. आजारपणानंतर ‘आता आराम करा’ असे प्रेमाने सांगणाऱ्या घरच्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

भार क्रमाने वाढवण्याची पद्धत टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांसाठी रूढ केली. मात्र वृद्धांना जड वजने द्यायला वैद्यक पुढची चाळीस वर्षे बिचकत होते. १९८८ मध्ये बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ६० ते ७२ वर्षांच्या बारा पुरुषांकडून बारा आठवडे जड वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद दुपटीवर गेली. त्यापुढचे धाडस मारिया फिआटारोन यांचे. १९९० मध्ये त्यांनी बॉस्टनच्याच एका वृद्धनिवासातील नव्वदीच्या घरातली दहा दुबळी माणसे निवडली. एका वेळी जेमतेम एकदा उचलता येईल अशा वजनाच्या ८० टक्के भार त्यांनी पायाने उचलायचा होता. आठ आठवड्यांनी ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूचे क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी. या दोन आकड्यांतली तफावत बोलकी आहे : सुरुवातीची कमाई स्नायू फुगल्याने कमी, आणि आहे तेवढ्या स्नायूंना एकदम कामाला जुंपायला चेतासंस्था शिकल्याने जास्त होते. त्यांच्याच १९९४ च्या शंभर जणांवरील चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. व्यायामाविना नुसता पोषक आहार दिलेल्यांची ताकद वाढली नाही. टॉनिकवर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या समाजाला हे पचायला जड जाईल.

स्नायू हे रक्तातील साखर रिचवणारे शरीरातील सर्वांत मोठे कोठार असल्याने मधुमेहींना या व्यायामाचा विशेष लाभ होतो. हाडांवरही परिणाम होतो, पण भार पुरेसा जड असेल तरच. ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ चाचणीत (२०१८) हाडे विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, देखरेखीखाली जड वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, तर हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. झिजलेल्या गुडघ्यांचे दुखणेही मांडीचे स्नायू बळकट झाल्यावर कमी होते.

महाराष्ट्रात तालमीची परंपरा जुनी आहे. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब यांची नावे घरोघरी ठाऊक आहेत. पण ती तरुणांची मानली गेली, आणि संसार सुरू झाला की तालीम सुटे. बायकांच्या वाट्याला तालीम आलीच नाही. जाते, मुसळ आणि विहिरीचा रहाट यांनी त्यांच्याकडून बलवर्धक व्यायाम सक्तीने करून घेतला, हे वेगळे. ती कामे गेली ते बरेच झाले. त्यांची जागा मात्र रिकामी राहिली.

घरी सुरुवात करायला भिंतीला टेकवलेली, न सरकणारी खुर्ची पुरते. हात छातीशी बांधायचे, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या, पुढे झुकून उठायचे आणि बसताना धपकन न बसता मनात तीन आकडे मोजत टेकायचे. हे दहादा सहज जमू लागले की पिशवीत दोन किलो तांदूळ घालून ती छातीशी धरायची, मग चार किलो. भिंतीवरचे जोर, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणे, रबरी पट्टा ओढणे हे पुढचे प्रकार. शेवटची दोन आवर्तने कष्टाने व्हावीत. गप्पा मारत पन्नास वेळा उचलता येणारी पाण्याची बाटली शोभेपुरती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पासष्टीपुढच्यांनी असा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याच्या व्यायामांवर भर द्यावा.

जोर लावताना श्वास कोंडल्यास रक्तदाब एकदम चढतो, म्हणून उचलताना श्वास सोडावा. आटोक्यात नसलेला रक्तदाब, छातीत दुखणे, हर्निया, मोतीबिंदूची ताजी शस्त्रक्रिया किंवा मधुमेहाने दुखावलेले नेत्रपटल असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. दोन दिवस अंग दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात कळ येणे नव्हे. आहारात शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे वार्धक्यशास्त्रातील तज्ज्ञ सुचवतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. वाटीभर वरणातून त्यातली पाच-सात ग्रॅमच मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

मिळवलेली ताकद साठवून ठेवता येत नाही. बॉस्टनच्या त्या नव्वदीतल्या मंडळींनी व्यायाम थांबवला, तेव्हा चारच आठवड्यांत त्यांची कमाल ताकद ३२ टक्क्यांनी घटली.