न पडलेल्या दुष्काळाची बातमी



दुष्काळ पडला की बातमी होते. पण दुष्काळ पडता पडता टळला तर ती बातमी होते का? आज याच प्रश्नावर बोलू या. त्यासाठी तुम्हाला ऐंशी वर्षांपूर्वीच्या मुंबईत, परळ-लालबागच्या चाळींत घेऊन जाते. आपल्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या रेशन कार्डाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

तारीख आहे २ मे १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. त्या दिवशी मुंबई शहरात धान्याचं पूर्ण रेशनिंग सुरू झालं, आणि असं करणारं मुंबई हे हिंदुस्थानातलं पहिलं शहर ठरलं. त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बंगालमध्ये, लाखो माणसं अन्नावाचून मेली. बंगालचा दुष्काळ आपण शाळेच्या पुस्तकात वाचला. मुंबईत न पडलेला दुष्काळ मात्र कुठल्याच धड्यात नव्हता.

आधी त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. १९४१ च्या जनगणनेत शहराची वस्ती पंधरा लाखांच्या घरात होती आणि युद्धाच्या कामांमुळे ती वाढतच होती. परळ, लालबाग, वरळी, शिवडी या पट्ट्याला गिरणगाव म्हणत. सैन्याला कापड हवं होतं, म्हणून गिरण्या पाळ्यापाळ्यांनी चालत. कामाला होती ती आपल्याच भागातली माणसं: रत्नागिरीची, साताऱ्याची, कोल्हापूरची, घाटावरची. बायकामुलं गावी आणि गडी चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर. जेवायला खाणावळ, आणि ती चालवणारी बहुतेक वेळा एखादी बाईच. तिकडे गिरगाव-दादरच्या चाळींत कारकून, मास्तर, छापखान्यातले लोक. यांच्यापैकी कुणाच्या घरात कणगी नव्हती. पगार झाला की वाण्याचं बिल भागवायचं आणि पुढचा महिना पुन्हा उधारीवर. एवढं मोठं शहर, पण पिकत काहीच नाही. सगळं बाहेरून यायचं.

मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्याने रंगून घेतलं. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात दरवर्षी दहा लाख टनांच्या वर तांदूळ यायचा, तो एकदम थांबला. मुंबई आणि कोकण भात खाणारं, त्यांना हा मोठा फटका होता. त्यात तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या विजापूरकडे पावसाने दगा दिला. आगगाड्या सैन्याच्या मालाने भरलेल्या. भाव चढणार हे कळल्यावर ज्याच्याकडे माल होता त्याने तो दडवायला सुरुवात केली. दुष्काळ असाच येतो. शेतात पीक थोडं कमी येतं, मग बाजारात भीती पसरते आणि गरिबाच्या ताटापर्यंत येईतो धान्य संपलेलं असतं.

बंगालमध्ये तेच घडलं, आणि वर आणखी बरंच काही. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरकडे मोठं वादळ झालं. जपानी आले तर त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या लोकांच्या होड्या काढून घेतल्या होत्या. मग मासे धरायचे कशाने आणि धान्य न्यायचं कशाने? डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात तांदळाचा घाऊक भाव मणाला तेरा-चौदा रुपये होता. मण म्हणजे साधारण सदतीस किलो. मार्चमध्ये तो एकवीस रुपये झाला, मे महिन्यात तिसाच्या वर गेला आणि ऑगस्ट १९४३ मध्ये सदतीस रुपयांवर पोचला. मजुरी काही तिप्पट झाली नव्हती. कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य मिळत होतं. मेले ते खेड्यांतले शेतमजूर, मासेमार, हातावर पोट असलेले कारागीर. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो वीस ते तीस लाख मानला. कलकत्त्यात पूर्ण रेशनिंग आलं ते ३१ जानेवारी १९४४ ला, म्हणजे मुंबईनंतर नऊ महिन्यांनी.

मुंबईने काय केलं? काम फार साधं वाटतं, पण करायला अवघड. घरोघर जाऊन माणसं मोजली. प्रत्येक कुटुंबाला कार्ड दिलं आणि त्यावर खाणाऱ्या तोंडांची संख्या लिहिली. प्रत्येक कार्ड एका दुकानाला जोडलं. शहरात येणारं धान्य सरकारने आपल्या ताब्यात घेतलं आणि ठरलेल्या भावाने दुकानांना पुरवलं. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, जे असेल ते माणशी मोजून. अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांना थोडं जास्त. गिरणीतला बदली कामगार असो की गिरगावातला वकील, दोघांनाही धान्य कार्डावरच्या मापानेच. या कारभाराशी ए. डी. गोरवाला या आयसीएस अधिकाऱ्याचं नाव जोडलं जातं. नोकरी सोडल्यावर त्यांनी 'ओपिनियन' नावाचं छोटं साप्ताहिक चालवलं आणि सरकारला खडे बोल सुनावले, ही त्यांची पुढची ओळख.

आता त्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचा विचार करा. तिला हे सगळं 'चांगली बातमी' वाटलं असेल का? मुळीच नाही. तिने पाहिली ती रांग. तांदळातले खडे पाहिले. भात खाणाऱ्या कोकणी घरात बाजरी आली, ती थापायची कशी हा प्रश्न पाहिला. पाहुणा आला तर त्याच्या वाट्याचं कुठून आणायचं, ही काळजी होती. खाणावळवालीला तर किती गडी जेवायला आणि कितींची कार्डं जवळ, याचा रोजचा हिशेब. काळाबाजारही होता, पैसेवाले त्यातून हवं ते मिळवत. या तक्रारी सगळ्या खऱ्या होत्या आणि त्या करायलाच हव्या होत्या. पण चूल रोज पेटत होती. आणि जी चूल रोज पेटते तिची बातमी होत नाही.

याउलट बंगालची बातमी कशी बाहेर आली ते ऐका. युद्धकाळात वर्तमानपत्रांवर सरकारचे कडक नियम होते आणि 'दुष्काळ' हा शब्दही सरकारला नको होता. २२ ऑगस्ट १९४३ ला कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकाने रस्त्यावर उपाशी पडलेल्या बायामुलांची छायाचित्रं छापली. संपादक होते इयन स्टीफन्स, स्वतः इंग्रज. त्यानंतर दिल्ली आणि लंडनला कानावर हात ठेवून बसणं अवघड झालं. ऑक्टोबरमध्ये नवे व्हाइसरॉय वेव्हेल आले, कलकत्त्याला गेले आणि मदतीच्या कामाला सैन्य लावलं. मुंबईतही ही हाक पोचली. गिरगावालगतच्या सँडहर्स्ट रस्त्यावर कम्युनिस्ट पक्षाचं कार्यालय होतं. पक्षाच्या 'पीपल्स वॉर' साप्ताहिकात सुनील जाना यांनी काढलेले बंगालचे फोटो येत. अण्णाभाऊ साठे यांनी बंगालच्या भुकेवर 'बंगालची हाक' हा पोवाडा लिहिला.

म्हणजे छापलेल्या फोटोने जीव वाचवले. वर्तमानपत्रं वाईटच बातम्या देतात म्हणून आपण नाक मुरडतो, पण अशी वाईट बातमी वेळेवर आली नसती तर आणखी माणसं मेली असती. थोर अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी तो दुष्काळ लहानपणी डोळ्यांनी पाहिला. पुढे त्यांनी मांडलं की जिथे निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रं मोकळी असतात, तिथे असा मोठा दुष्काळ पडत नाही, कारण सरकारला गप्प बसता येत नाही. त्यांनी असंही सांगितलं की रोजची अर्धपोटी भूक मात्र याच वर्तमानपत्रांच्या नजरेतून सुटते.

मी त्याला आणखी एक गोष्ट जोडते. टळलेलं संकटही नजरेतून सुटतं. बंगालच्या भुकेचा फोटो काढता आला. मुंबईच्या न झालेल्या भुकेचा फोटो कसा काढायचा? रांगेत उभ्या असलेल्या बायकांचा काढला तर लोक म्हणणार, बघा, केवढी रांग. त्या रांगेमुळे कुणाचं मूल जगलं हे फोटोत दिसत नाही. शिवाय त्या वर्षीची वर्तमानपत्रं युद्धाने भरलेली. फेब्रुवारीत स्टालिनग्राडला जर्मन सैन्य शरण आलं. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपास झाला. अशा बातम्यांपुढे दुकानाला जोडलेल्या कार्डाची बातमी कशी टिकणार?

सरकार बातमी दाबतं तेव्हा काय होतं, हेही मुंबईने लवकरच पाहिलं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं एकत्र भरलेली. दोन प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसं गेली, आग विझवणारे साठाहून अधिक जवान गेले. त्यांच्या आठवणीत आजही त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. गोदामांतलं पन्नास हजार टनांच्या आसपास धान्य नष्ट झालं. अर्ध्या शहराने आवाज ऐकला, पण सविस्तर बातमी छापायला परवानगी मिळाली ती मे महिन्यात. जगाला ती आधी सांगितली जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. आपल्या शहराची बातमी शत्रूच्या रेडिओने द्यावी, अशी ती वेळ. धान्याचा काळाबाजार वाढला. तरीही रेशनिंग मोडलं नाही, ते युद्ध संपल्यावरही चालू राहिलं.

पण मैत्रिणींनो, ही गोष्ट सांगताना मुंबईचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. आपण खेड्यातल्या आहोत, म्हणून आपण विचारलं पाहिजे की मुंबईला पुरवलेलं ते धान्य आलं कुठून. काही पंजाब-सिंधसारख्या प्रांतांतून आलं. काही इलाख्यातल्या शेतकऱ्याच्या कणगीतून आलं. सरकार ठरवेल त्या भावाने ठरवेल तेवढं धान्य घालावंच लागे. त्याला लेव्ही म्हणत. घरात खायला उरो न उरो, लेव्ही चुकत नसे. शहराचं माप पक्कं होतं, खेड्याचं तेवढं पक्कं नव्हतं. शिवाय मुंबईवर वादळ आलं नव्हतं, शत्रू वेशीवर नव्हता, होड्या काढून घेतल्या नव्हत्या. बंगालची अडचण मोठी होती हे खरं. तरी वेळेवर माणसं मोजणं, धान्य ताब्यात घेणं आणि ते सारखं वाटणं, या तीन गोष्टींनी फरक पडला हेही तितकंच खरं.

रेशनिंग पुढे कधी सैल झालं, कधी घट्ट. १९४६ मध्ये टंचाईमुळे माणशी माप दिवसाला बारा औंसांवर, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आत आलं. १९४७ च्या शेवटी गांधीजींच्या आग्रहाने धान्यावरची नियंत्रणं उठायला लागली, भाव भडकल्यावर वर्षाच्या आत पुन्हा आली. पण कार्ड आणि दुकान ही कल्पना राहिली.

१९७२ चा दुष्काळ आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतो. खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली, सुकडी खाल्ली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. पिकं गेली, गुरं गेली, हाल झाले, पण बंगालसारखं झालं नाही. त्या दुष्काळाचं नाव निघालं की भेगाळलेल्या जमिनीचा फोटो दिसतो. डोक्यावर पाटी घेतलेल्या ज्या बायांनी तो निभावून नेला, त्यांची बातमी शोधावी लागते.

आज कायद्याने रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या बाईचं नाव लागतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे आलं. आपल्या राज्यात बचत गटांना रेशन दुकानं देताना प्राधान्य आहे, कित्येक गट ती चालवतात. तेव्हा मुंबईच्या बाईच्या हातात फक्त पिशवी होती. आपल्या हातात मापही आहे आणि वहीही आहे.

म्हणून माझी एक विनंती. दर महिन्याच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ते लिहितो. त्याच वहीत दोन ओळी आणखी लिहा. पहिली: या महिन्यात गावात कुणाची चूल बंद राहिली का? कुणाचं कार्ड अडलं, अंगठा लागला नाही म्हणून कोण रिकाम्या हाताने परतलं? असं असेल तर गप्प बसू नका. ग्रामसभेत मांडा, तहसीलला अर्ज द्या, आपल्या रेडिओवर येऊन सांगा. दुसरी ओळ: या महिन्यात काय टळलं? एखादीला गटाने वेळेवर पैसे दिले म्हणून सावकाराचं घर धरावं लागलं नाही. कुणाची पोर शाळेतून निघाली नाही. टँकर वेळेत मागवला म्हणून पाण्यावाचून हाल झाले नाहीत. यावर कुणी वार्ताहर येणार नाही, फोटो निघणार नाही. तारीख घाला, नावं घाला आणि लिहून ठेवा.

पुढच्या भागात रेशन कार्डातली नावं कमी-जास्त कशी करायची, कोणता अर्ज आणि कोणती कागदपत्रं लागतात, ते सांगेन. कार्ड जवळ घेऊन बसा. नमस्कार.